इचिरोचे मैदानावरचे शेवटचे दोन दिवस: नागोया, टोकियो, कोबे

१९ मार्च २०१९, मंगळवार, नागोया

तिकीट परवाचं आहे पण निघायचं उद्याच, असं आजींनी सांगून टाकलं, कारण त्यांच्या मते अशी मॅच जेवढी स्टेडियमच्या आत असते तेवढीच बाहेरही असते. आजी म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या. वय ७६, मूळच्या कोबेच्या, आता लेकीजवळ नागोयाला. मी लातूरची, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले, तेव्हा बेसबॉल म्हणजे काहीतरी अमेरिकन गिल्लीदांडू असेल एवढंच डोक्यात होतं, ते आजींनी टीव्हीसमोर बसवून बसवून शिकवलं. मला भाषा यायची नाही आणि त्यांना इंग्रजी, त्यामुळे स्ट्राइक, बॉल, आउट याच आमच्या गप्पा.

तर विषय असा की मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बेसबॉल लीगचा, सीझन यंदा टोकियो डोममध्ये उघडतोय, सिॲटल मरिनर्स विरुद्ध ओकलंड ॲथलेटिक्स, २० आणि २१ तारखेला. आणि मरिनर्सकडून इचिरो खेळणार. जपानमधून अमेरिकेत जाऊन रेकॉर्ड मोडणारा बॅटर, ४५ वर्षांचा इचिरो. गेल्या वर्षी मे महिन्यात टीमने त्याला मैदानातून काढून चेअरमनचा खास सहायक का काय ते पद दिलं होतं, तरी हा गडी रोज युनिफॉर्म घालून प्रॅक्टिसला हजर. आता या दोन मॅचसाठी परत टीममध्ये. ॲरिझोनातल्या सराव सामन्यांमध्ये २५ वेळा बॅटिंग आणि हिट, म्हणजे बॉल मारून बेसवर सुखरूप पोचणं, फक्त २. म्हणजे काय होणार हे सगळ्या जपानला कळत होतं, फक्त कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. तिकीट लॉटरीत आजींच्या भाच्याला दोन लागली आणि त्याने ती मावशीला देऊन टाकली, हे मला अजून खरं वाटत नाही.

दुपारी मुलगा शाळेत असताना मी आणि आजी तोयोयामाला जाऊन आलो, नागोयाच्या जुन्या विमानतळाला लागूनच आहे, इचिरोचं गाव. तिथलं बॅटिंग सेंटर अजून चालू आहे, नाव पण 'एअरपोर्ट बॅटिंग सेंटर'च. लहानपणी बाप त्याला इथे घेऊन यायचा, म्हणजे येत राहायचा, रोज, आणि मशीनचे बॉल पोराला हळू वाटायला लागले म्हणून मालकाने त्याच्यासाठी मशीनचा स्पीड वाढवून घेतला होता. जाळ्या, नाणी टाकायच्या पेट्या, हिरव्या चटया, बाकी काही नाही. सहावीत असताना त्याने शाळेत 'माझं स्वप्न' असा निबंध लिहिला होता तो इथे पोराटोरांना पण माहीत आहे: ३६५ दिवसांतले ३६० दिवस कडक प्रॅक्टिस करतो, मी प्रो खेळाडू होणार, करारासाठी १० कोटी येनच्या वर घेणार, आणि मग ज्यांनी मला मदत केली त्यांना मॅचचे पास वाटणार. टीम कुठली पाहिजे तेही लिहिलेलं, नागोयाचे चुनिची ड्रॅगन्स नाहीतर सेइबू लायन्स. या दोघांनीही घेतलं नाही. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, चौथ्या फेरीत कोबेच्या ओरिक्सने उचललं. आजी म्हणाल्या, नागोयाचं नुकसान, कोबेचा फायदा. नागोयात राहून हे बोलायला धाडस लागतं.

२० मार्च, बुधवार, टोकियो

सकाळच्या शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, टोकियो, पावणेदोन तासांचं काम. आजी बहिणीकडे, मी निशी-कासाईला मैत्रिणीकडे बॅग टाकून आले. निशी-कासाई म्हणजे आपल्या आयटीवाल्यांची वस्ती, स्टेशनबाहेर मराठी कानावर पडतंच.

दुपारी सुइदोबाशी स्टेशनवर भेटलो. बाहेर आल्याबरोबर ५१ नंबर, इचिरोचा. पुढे, मागे, पुलावर, झेब्रा क्रॉसिंगवर, सगळीकडे पाठीवर ५१. मरिनर्सचे निळे शर्ट तर होतेच, पण ओरिक्सचे जुने, धुऊन धुऊन फिके झालेले पण होते, आणि मायामी आणि यांकीजचे पण, यांकीजकडे मात्र त्याचा नंबर वेगळा होता, ३१. कडेवरच्या बाळाला ५१, एका कुत्र्याला ५१. अमेरिकेहून आलेले पण बरेच होते, त्यातल्या एका जोडप्याने आजींबरोबर फोटो काढून घेतला कारण आजींच्या डोक्यावर ब्लूवेव्हची, म्हणजे ओरिक्सच्या जुन्या नावाची, टोपी होती आणि ती टीमच आता त्या नावाने अस्तित्वात नाही.

डोमच्या २१ नंबर गेटपाशी बेसबॉलचं म्युझियम आहे, तिथे तासभर घालवला. आतल्या मुख्य दालनात नामवंतांचे ब्रॉन्झचे चेहरे लावलेत. सादाहारु ओह, ८६८ होमरन. आणि मासाओका शिकी, जो हायकूवाला कवी, तोसुद्धा इथे, कारण हा खेळ जपानमध्ये नवा असताना त्याला त्याचं भलतंच वेड होतं. २००२ ला त्याला घेतलं. कवीला खेळाडूंच्या रांगेत बसवणारा देश मला आवडतो, असो.

मॅच आम्ही स्टेशनजवळच्या एका इझाकायात, म्हणजे दारू मिळणाऱ्या छोट्या हॉटेलात, टीव्हीवर पाहिली. आत बसायला जागा नाही, सगळे उभे, बिअर आणि याकितोरी, म्हणजे काडीवर भाजलेलं चिकन, हातातच. तिसऱ्या इनिंगमध्ये इचिरो बॅटिंगला आला आणि हॉटेलमधली बडबड एकदम थांबली. ते नेहमीचं त्याचं, बॅट उजव्या हातात उभी धरायची पिचरकडे रोखून, डाव्या हाताने खांद्याजवळची बाही किंचित ओढायची. बॉल वर उडाला, आउट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वेळी चार बॉल बाहेर पडले आणि त्याला वॉक मिळाला, म्हणजे बॅट न लावता फुकटात पहिला बेस, त्याला तर अशा टाळ्या की जणू होमरन. चौथ्या इनिंगच्या उत्तरार्धात राइट फील्डला, मैदानाच्या उजव्या टोकाच्या त्याच्या जागेवर, धावत गेला आणि लगेच त्याला परत बोलावून घेतलं. मॅच मरिनर्सने ९-७ ने जिंकली, ते आमच्या आजूबाजूला बहुतेक कोणाच्याच लक्षात नव्हतं.

शेजारी एक टाय सैल केलेले साहेब होते, त्यांनी २००१ च्या एप्रिलमधला तो थ्रो हाताने करून दाखवला. ओकलंडमध्येच, टेरेन्स लाँग पहिल्या बेसवरून तिसऱ्याकडे निघालेला, आणि इचिरोने राइट फील्डमधून असा सरळ रेषेत बॉल फेकला की त्याला नंतर लेझर बीम म्हणायला लागले. करून दाखवताना साहेबांचा सोया सॉस सांडला. मग ते हळूच म्हणाले की खरं सांगू का, हे सगळं तिकिटं खपवण्यासाठी चाललंय, २५ पैकी २ वाला दुसरा कोणी असता तर टीममध्ये आला असता का? बरोबरच होतं त्यांचं. आजी म्हणाल्या, मग? खपली ना तिकिटं? विषय संपला.

रात्री मैत्रिणीकडे पुरणपोळी. होळी होती ना.

२१ मार्च, गुरुवार, टोकियो

आज सगळं एकाच दिवशी आलं. विषुवदिनाची सुट्टी, आपली धुळवड, आणि दुपारी बातमी आली की टोकियोत साकुरा, म्हणजे चेरीची झाडं, फुलल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे, खात्याचा माणूस येऊन त्यावरची फुलं मोजतो, पाच-सहा उमलली की फुललं म्हणून जाहीर. डोमपासून चालत जाण्यासारखं, म्हणून तिथे चक्कर टाकली, झाडापेक्षा कॅमेरे जास्त होते. सकाळी निशी-कासाईला चार घरच्यांनी मिळून गुलाल लावलेला, तो माझ्या कानामागे राहिला होता, आणि डोममध्ये बाजूच्या गृहस्थांनी तो पाहून अतिशय सभ्यपणे मला ओला टिश्यू दिला.

आमची सीट वर, राइट फील्डच्या बाजूला. आजी म्हणाल्या भाच्याने पुण्य कमावलं, इथून त्याची पाठ दिसते. खाली पाठीवर बिअरची टाकी बांधलेल्या मुली पायऱ्या चढत-उतरत होत्या, त्यांचे पाय बघून मलाच दमायला झालं. आजींनी घरून ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, आणल्या होत्या, आत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, फारच आंबट.

प्रेक्षक ४६,४५१, बोर्डावर आकडा आला. समोर ओकलंडच आहे, याचं मला फार बरं वाटलं, कारण २ एप्रिल २००१ ला त्याची मेजर लीगमधली पहिली मॅच ओकलंडविरुद्धच होती. त्या वर्षी पहिल्याच सीझनमध्ये रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखा, पण आणि एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, पण. मग सलग दहा सीझन २०० च्या वर हिट, २००४ ला २६२, जॉर्ज सिसलरचा २५७ चा रेकॉर्ड मोडला, जो १९२० पासून कोणी मोडला नव्हता. अमेरिकेत एकूण ३,०८९ आणि त्याआधी जपानमध्ये १,२७८, बेरीज करा, ४,३६७. अमेरिकन लोक ही बेरीज मान्य करत नाहीत कारण त्यांच्या पीट रोझचे ४,२५६ आहेत. करोत बापडे.

पहिल्या वेळी फाउलमध्ये उंच उडाला, थर्ड बेसवाल्याने पकडला. दुसऱ्या वेळी सेकंड बेसकडे ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून सरपटत गेलेला बॉल, आउट. प्रत्येक बॉलला हजारो फ्लॅश, एकदम, आणि मग पिन पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि मग ४६ हजारांचा एकत्र निःश्वास. मी वानखेडे टीव्हीवर पाहिलंय, २०१३ चा नोव्हेंबर, सचिनची दोनशेवी टेस्ट, तिथे तो गार्ड घेईपर्यंत जो कल्ला असायचा तसला इथे नाही. इथे गप्प बसून वाट बघतात. कुठलं जास्त अंगावर येतं मला सांगता येणार नाही.

मधेच कधीतरी फोन चमकायला लागले. आधी समोरच्या रांगेत, मग बाजूला, मग सगळीकडे. त्याने टीमला सांगितलंय की आजच्यानंतर खेळणार नाही, अशी न्यूज एजन्सीची बातमी. कोणी ओरडलं नाही काही नाही, माणसं फोन शेजारच्याला दाखवायची आणि मान हलवायची. मी आजींकडे वळले तर त्या म्हणाल्या, मला नको सांगूस, मला दिसतंय सगळ्यांच्या तोंडावर. तिसऱ्या वेळी तो बॅट न हलवता स्ट्राइक-आउट झाला, आणि तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की आता खरंच नाही होणार.

आठवी इनिंग. ४-४. दोन आउट, सेकंड बेसवर रनर. म्हणजे एक हिट आणि टीम पुढे, असलं तर सिनेमात पण लिहिलं तर लोक हसतील. सगळा डोम उभा. इ-चि-रो, इ-चि-रो, तीन टाळ्या, परत. पिचर लू ट्रिव्हिनो, बॉल वेगाने येत होते. आणि मग बॅट लागली, बॉल शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरकडे, हळू सरपटत गेला आणि इचिरो पळाला.

हे मला जरा नीट सांगू द्या कारण माझ्यासाठी अख्खी ट्रिप म्हणजे ते तीन-चार सेकंद आहेत. होमरनवाले बॅटर खूप झाले, आहेत, होतील. इचिरोचं वेगळेपण हे की असा फुटकळ, हळू ग्राउंडर, जो बाकी कोणी मारला तर आउट लिहूनच टाकायचा, त्यावर तो पोचायचा. डावखुरा, बॅट फिरवता फिरवताच अर्धं पाऊल पहिल्या बेसकडे पडलेलं, तरुणपणी ३.७ सेकंदांत बेसवर. त्या तीन हजारांत अशा इनफील्ड हिट कितीतरी आहेत, आणि अमेरिकेत काही लोक त्याला त्यावरून नावं ठेवायचे की हे काय मारणं आहे का. शॉर्टस्टॉपला घाई करायला लावायची, थ्रो हुकवायचा, हाच त्याचा खेळ. आणि शेवटचा बॉल नेमका तोच गेला, अगदी त्याच्या हक्काचा. शॉर्टस्टॉप सेमियनने उचलला, फेकला, आणि थ्रो आधी पोचला. अर्ध्या पावलाने. २००४ चा इचिरो असता तर सेफ. हे माझं मत नाही, माझ्या आजूबाजूच्या शंभर लोकांच्या तोंडून तेवढाच एक आवाज निघाला आणि सगळ्यांना हेच म्हणायचं होतं. ४५ वर्षांच्या माणसाने तरी अंग चोरलं नव्हतं, पूर्ण पळाला.

इनिंगच्या उत्तरार्धात तो राइट फील्डला आला, आमच्या समोर. मग मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं. त्याने दोन्ही हात वर केले आणि चालत निघाला, आणि मॅच थांबली, म्हणजे खरंच थांबली. डगआउटपाशी एकेकाला मिठी. टीममधला डी गॉर्डन रडत होता. युसेई किकुची, २७ वर्षांचा, ज्याची मेजर लीगमधली पहिली मॅच आज होती आणि ज्याने लहानपणी याला बघून बेसबॉल खेळलं, तो तर खांद्यावर डोकं ठेवून हुंदके. ओकलंडवाले पण उभे राहून टाळ्या वाजवत होते. आजी रडल्या नाहीत. ओनिगिरीचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या.

पुढची मॅच मी पाहिली की नाही माहीत नाही. जपानच्या लीगमध्ये बाराव्या इनिंगनंतर टाय असेल तर घरी जातात, अमेरिकन लोक निकाल लागेपर्यंत खेळतात, त्यामुळे आजींची किरकिर चालू झाली की यांना उद्या ऑफिस नाही का. बाराव्यात मरिनर्स ५-४ ने जिंकले. तेव्हा अकराच्या आसपास झाले असतील. आणि कोणी उठलं नाही. शेवटच्या ट्रेन गाठायच्या असतात, इथे मॅच संपल्यावर लोक शिस्तीत लगेच निघतात, आज सगळे बसून. मैदान रिकामं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग नाव घेऊन हाका, वीसेक मिनिटं झाली असतील आणि तो बाहेर आला. कॅप काढून, हात वर करून, कडेकडेने पूर्ण चक्कर. माइक नाही, भाषण नाही. सचिनने ७४ रन केल्या होत्या आणि मग सगळ्यांचे आभार मानणारं मोठं भाषण केलं होतं, त्यात मी रडले होते. इथे शून्य हिट आणि एक वर केलेला हात.

टोकियो डोमचं छप्पर हवेच्या दाबाने तोललेलं आहे, त्यामुळे बाहेर पडताना दारातून वारा मागून अक्षरशः ढकलतो. आजींची ब्लूवेव्हची टोपी उडाली ती थेट एका पोलिसाच्या पायाशी. त्याने उचलून, झटकून, वाकून दोन हातांनी परत दिली.

२२ मार्च, शुक्रवार, कोबे आणि घर

आजींचं कोबेला काम होतं. हा आठवडा हिगानचा, पूर्वजांच्या थडग्यांवर जाण्याचा, त्यांचे यजमान तिथे आहेत. मी सोबत. स्टेशनच्या किऑस्कवर जेवढे स्पोर्ट्सचे पेपर होते तेवढे घेतले, सगळ्यांच्या पहिल्या पानावर तोच. गाडीत आजी पेपर वाचून दाखवत होत्या आणि मी फोनवर शोधत होते. जवळजवळ मध्यरात्री प्रेस कॉन्फरन्स सुरू झाली आणि ८० मिनिटांच्या वर चालली. काही खंत आहे का, तर म्हणाला, आज जे पाहिलं त्यानंतर खंत कशी असेल. आणि शेवटी शेवटी एक बोलला ते मी तीनदा आजींकडून वाचून घेतलं: अमेरिकेत गेल्यावर मी परदेशी झालो, आणि त्यामुळे दुसऱ्याच्या मनाचा विचार करायला, दुसऱ्याचं दुःख काय असेल ते कल्पायला शिकलो. नागोयात पहिल्या वर्षी कचरा कुठल्या वारी टाकायचा ते न कळल्यामुळे रडलेल्या बाईला हे वाक्य फार लागलं एवढंच सांगते.

थडगं धुतलं, फुलं, उदबत्ती, बोतामोची नावाची मिठाई. मग सान्नोमियाहून मेट्रोने सोगो-उंदो-कोएन. स्टेशनला लागूनच स्टेडियम. आता त्याला एका डबेवाल्या कंपनीचं नाव आहे, पण आजी अजून ग्रीन स्टेडियमच म्हणतात. मॅच नव्हती, बाहेरूनच फिरलो. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६. भूकंपात ६,४०० च्या वर माणसं गेली, आजींचं घर पण गेलं. बेसबॉल या वर्षी इथे नकोच असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, तरी टीमने घरच्या मॅच इथेच खेळल्या, बाहीवर 'गांबारो कोबे' लिहून. त्या वर्षी लीग जिंकली. पुढच्या वर्षी १९९६ ला इथेच, याच मैदानावर, इचिरोच्या विजयी हिटवर परत जिंकली आणि मग जपान सिरीजमध्ये टोकियोच्या जायंट्सना हरवलं. आजी आणि त्यांचे यजमान त्या हिटच्या वेळी आउटफिल्डच्या स्टँडमध्ये होते, तेव्हा अजून तात्पुरत्या घरात राहत होते. आमच्याकडे किल्लारी झाली ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बुडवून लोक झोपलेले. मी लहान होते, मला पत्र्याची शेड आणि दुधाच्या पावडरचे डबे आठवतात. मी विचारलं, बेसबॉलने काय फरक पडला हो तेव्हा? आजी म्हणाल्या, काही नाही, संध्याकाळी सहाला जायला एक ठिकाण होतं.

परतीच्या गाडीत त्यांना प्रेस कॉन्फरन्समधला आणखी एक तुकडा सापडला. घरच्या मैदानावर मॅच असली की इचिरो बायकोने केलेली ओनिगिरी नेऊन खायचा, युमिकोने अशा जवळजवळ २,८०० केल्या, तीन हजार करू द्यायला हव्या होत्या असं तो म्हणाला. वर्षानुवर्षं रोज सकाळी करी-राइस करून घालायची ते वेगळंच, हे मला आधीपासून माहीत होतं आणि करीच्या बाबतीत मला त्याच्याबद्दल जास्तीचा जिव्हाळा आहे. आजींनी चष्मा काढला, पेपरची घडी घातली आणि हिशेब सुरू केला. चाळीस वर्षं नवऱ्याला डबा, रोजच्या दोन ओनिगिरी धरल्या, रविवार सोडले, तरी वीस हजारांच्या वर जातात. माझी प्रेस कॉन्फरन्स कोणी घेतली नाही, म्हणाल्या. मी म्हटलं घेते, बोला, पहिला प्रश्न, काही खंत? त्या म्हणाल्या, उमेबोशी जास्त आंबट असते माझी, त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.